गोळी सुटते कुठे? फिटचं औषध, गरोदरपण आणि अंगावरचं दूध

दिवस राहिल्याचं कळलं की आपल्यातल्या कितीतरी जणी त्या रात्रीची फिटची गोळी घेत नाहीत. कुणी 'बंद कर' म्हणालेलं नसतं. पोटातल्या जिवाला बाधेल या धास्तीने हात आपोआप डबीवरून मागे येतो. म्हणून सगळ्यात आधी हे: आज रात्रीची गोळी घ्या. उद्या सकाळी तुमच्या मेंदूविकारतज्ज्ञांना फोन करा. औषध कमी करायचं, बदलायचं की तेच ठेवायचं, हे त्यांना ठरवू द्या.

मी डॉक्टर नाही. मला दहावीच्या वर्षापासून फिट येतात. लॅमोट्रिजिन चालू असतानाच मला मुलगी झाली आणि दीड वर्ष तिला अंगावर पाजलं. त्या काळात गोळीमुळे झालेला त्रास थोडा, गोळीचं गणित चुकल्यामुळे झालेला जास्त. हे गणित चुकण्याच्या जागाही ठरलेल्या असतात: लग्नानंतर सासरी, चाचणीवर दोन रेघा दिसल्यावर, उलट्यांच्या दिवसांत, उपासाला, माहेरी जाताना, लेबर रूममध्ये आणि शेवटी बाळाच्या जागरणात. याच क्रमाने पुढे जाऊ.

मोठी फिट, म्हणजे शुद्ध हरपून सगळं अंग आखडतं आणि हातपाय झटकतात ती, गरोदरपणात आली तर तेवढा वेळ आईचा प्राणवायू कमी होतो आणि बाळाचाही. पोटावर पडलं तर वार सुटण्याची भीती असते. औषध एकदम तोडलं तर फिट एकामागून एक येऊ शकतात आणि जिवावर बेतू शकतं. क्षणभर टक लागणं किंवा एका हाताला मुंग्या येणं अशा लहान फिटने बाळाला सहसा काही होत नाही, पण त्याही वहीत लिहून ठेवा. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे: अपस्मार, म्हणजे हाच फिटचा आजार, असलेल्या दहा बायकांतल्या नऊहून जास्त जणींना धडधाकट मूल होतं.

पहिली पायरी: दिवस राहण्याआधी, आणि तेही बरंच आधी

गोळीची पट्टी हातात घ्या. मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीने दिलेलं नाव. त्याच्या खाली बारीक अक्षरात असतं ते औषध, आणि आपल्याला तेच हवं. एप्टॉइन म्हणजे फेनिटॉइन, गार्डिनल म्हणजे फेनोबार्बिटोन, टेग्रिटॉल म्हणजे कार्बामाझेपिन, लेव्हिपिल म्हणजे लेव्हेटिरासेटॅम, लॅमिटॉर म्हणजे लॅमोट्रिजिन, फ्रिझियम म्हणजे क्लोबाझम. व्हॅल्पारिन आणि एन्कोरेट ही दोन्ही व्हॅल्प्रोएट. पट्टीवर 'डायव्हॅलप्रोएक्स' लिहिलेलं असेल तर तेही व्हॅल्प्रोएटच समजा. काहींना हे औषध फिटसाठी नाही तर अर्धशिशीसाठी किंवा मनाच्या आजारासाठी दिलेलं असतं. पुढचं सगळं त्यांनाही लागू आहे.

व्हॅल्प्रोएटवर थोडं थांबते, कारण इथे सगळ्यात जास्त फरक पडतो. कुठलंही औषध न घेणाऱ्या बायकांच्या शंभर बाळांत दोन-तीन बाळांना मोठं जन्मजात व्यंग असतंच. गरोदरपणात फिटची औषधं घेणाऱ्या बायकांच्या 'युरॅप' या ४२ देशांतल्या नोंदवहीचे आकडे २०१८ साली प्रसिद्ध झाले. एकच औषध घेणाऱ्या बायकांमध्ये हे प्रमाण व्हॅल्प्रोएटवर शंभरात १० च्या थोडं वर, फेनोबार्बिटोन आणि फेनिटॉइनवर साडेसहाच्या आसपास, कार्बामाझेपिनवर साडेपाच, टोपिरामेटवर ४ च्या जवळ आणि लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरासेटॅम व ऑक्सकार्बाझेपिनवर ३ च्या आसपास निघालं. डोस वाढेल तसा व्हॅल्प्रोएटचा धोकाही वाढतो. पाठीचा कणा नीट न जुळणं, हृदयातले दोष, दुभंगलेली टाळू ही व्यंगं त्यात येतात. जन्माला धडधाकट दिसलेल्या बाळातही परिणाम पुढे दिसू शकतो. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मुलांचा सहाव्या वर्षापर्यंत केलेला अभ्यास २०१३ साली आला. व्हॅल्प्रोएट घेतलेल्या आयांच्या मुलांचा बुद्ध्यांक बाकी औषधांवरच्या मुलांपेक्षा ८ ते ११ गुणांनी कमी होता. या मुलांमध्ये बोलायला उशीर होणं आणि स्वमग्नता यांचं प्रमाणही जास्त आढळतं.

मग सगळ्याच जणींचं व्हॅल्प्रोएट का बदलत नाहीत? कारण काही प्रकारच्या फिटवर, विशेषतः सकाळी उठल्यावर हातांना झटके बसून हातातला कप उडतो त्या प्रकारात, त्याच्याइतकं दुसरं औषध काहींना लागू पडत नाही. अशा वेळी डॉक्टर कमीत कमी डोसवर आणतात आणि दिवसाचा डोस विभागून देतात. हा निर्णय सगळं माहीत असताना, तुमच्या संमतीने व्हायला हवा. वीस-बावीस वर्षांच्या मुलीला व्हॅल्प्रोएट लिहून दिलं आणि बाळाचा विषयच निघाला नाही, असं होत असेल तर विषय तुम्ही काढा. 'लग्न अजून ठरलेलं नाही, आत्ताच कसं विचारू?' असं वाटेल. आत्ताच विचारायचं.

कारण औषध बदलायला वेळ लागतो. लॅमोट्रिजिन भराभर वाढवलं तर अंगावर गंभीर पुरळ उठू शकतं, म्हणून ते एक-दोन आठवड्यांनी थोडं थोडं चढवतात आणि जुनं हळूहळू उतरवतात. यात काही महिने जातात. त्यानंतर नव्या औषधावर फिट येत नाहीत ना, हे बघायला आणखी काही महिने लागतात. दिवस राहण्याआधी नऊ महिने ते वर्षभर एकही फिट आलेली नसेल, तर पूर्ण गरोदरपण फिटविना जाण्याची शक्यता शंभरात ८४ ते ९२ इतकी असते. लग्नानंतरचं एक वर्ष थांबायचं, ते यासाठी.

आणि थांबायचं तर साधन कुठलं वापरायचं, हेही विचारून घ्या. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन आणि फेनोबार्बिटोन यांच्यामुळे माला-एनसारख्या गर्भनिरोधक गोळ्यांची ताकद कमी होते. संबंधानंतर घ्यायच्या तातडीच्या गोळीचंही तेच. लॅमोट्रिजिनच्या बाबतीत उलटं घडतं: इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी रक्तातलं लॅमोट्रिजिन कमी करते आणि फिट येऊ शकते. कॉपर-टीला यातली कुठलीच अडचण नाही.

सासरी सांगितलंय का, हा प्रश्न डॉक्टर विचारत नाहीत, पण गोळी पहिल्यांदा सुटते ती इथेच. लपवून घ्यायची गोळी रोज वेळेवर घेता येत नाही. मला भेटलेल्या एका मुलीने गोळ्या पट्टीतून काढून व्हिटॅमिनच्या बाटलीत भरून ठेवल्या होत्या. व्हॅल्प्रोएटच्या गोळ्या हवेतला ओलावा ओढून घेतात, त्या पट्टीतच राहायला हव्यात. लपवण्यामागे भीती असते ती काडीमोडाची. हिंदू विवाह कायद्यात पूर्वी अपस्मार ही लग्नाला आड येणारी गोष्ट होती, पण १९९९ सालच्या दुरुस्तीने ते शब्द काढून टाकले. कायद्याने घरातली तोंडं बंद होत नाहीत हे मलाही ठाऊक आहे. निदान नवऱ्याला तरी माहीत असायलाच हवं. रात्री फिट आली तर शेजारी तोच असणार.

दुसरी पायरी: फॉलिक ॲसिड

ही सगळ्यात सोपी पायरी. बाळाचा मणका आणि मेंदू ज्या नळीतून तयार होतात ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. तोवर पुष्कळ जणींना दिवस राहिल्याचा पत्ताही नसतो. म्हणून गोळी आधीपासून हवी, किमान एक ते तीन महिने. किती, यावर देशोदेशी एकमत नाही. रोज ०.४ मिलिग्रॅमपासून ५ मिलिग्रॅमपर्यंत सल्ले दिले जातात. आपल्याकडे ५ मिलिग्रॅमची गोळी सर्रास मिळते. तुमचं औषध बघून डॉक्टर आकडा सांगतील. फेनिटॉइन चालू असेल तर विचारल्याशिवाय मोठा डोस सुरू करू नका, कारण फॉलिक ॲसिडने फेनिटॉइनची रक्तातली पातळी खाली येऊ शकते.

तिसरी पायरी: दोन रेघा दिसल्यावर

गोळी चालू ठेवा, फोन लावा. व्हॅल्प्रोएट असेल तर 'पुढच्या महिन्याच्या तारखेला विचारू' असं नको, त्याच आठवड्यात भेटा. तरीही स्वतःहून बंद करू नका. मेंदूविकारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ या दोघांकडे एकमेकांचा फोन नंबर आहे ना, ते बघा. हे सांगायला किरकोळ वाटतं. पण माझ्या नऊ महिन्यांत या दोघांमधला निरोप्या मीच होते, आणि निरोप्याला मळमळत असेल तर निरोप अर्धाच पोचतो.

आशाताईकडे नाव नोंदवाल तेव्हा फिटचा आजार सांगा. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात तज्ज्ञांकडून तपासणी होते आणि जोखमीच्या गरोदरपणाच्या कार्डावर लाल स्टिकर लावतात. तो स्टिकर बघून खट्टू होऊ नका. गर्दीत तुमचं कार्ड वर यावं यासाठीच तो असतो.

चौथी पायरी: मधले महिने, आणि रक्तात पातळ होत जाणारं औषध

ही गोष्ट मला आधी कुणी नीट समजावली असती तर पाचव्या महिन्यातली माझी फिट टळली असती. गोळी तीच, वेळ तीच, एकही चुकलेली नाही, तरी फिट आली. कारण गरोदरपणात शरीर काही औषधं भराभर बाहेर टाकतं. यकृत लॅमोट्रिजिनचा फडशा पाडू लागतं आणि मूत्रपिंड लेव्हेटिरासेटॅम वेगाने गाळतात. ऑक्सकार्बाझेपिनही घटतं. कार्बामाझेपिनमध्ये त्या मानाने फारसा फरक पडत नाही. पहिल्या तिमाहीपासूनच ही घट सुरू होते. दोन गोळ्यांचा परिणाम एका गोळीइतका उरला तर डोस वाढवावाच लागतो. 'गरोदर बाईचा डोस वाढवला?' म्हणून घरचे दचकतात. बाळाला जास्त औषध मिळावं म्हणून तो वाढवलेला नसतो, तुमच्या रक्तात पूर्वीइतकं औषध राहावं म्हणून वाढवलेला असतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात गरोदर आणि बिगरगरोदर अपस्मारी बायकांची तुलना केली होती. फिट वाढण्याचं प्रमाण दोन्हींकडे जवळपास सारखंच निघालं, पण डोस बदलावा लागला तो गरोदर गटात शंभरात ७४ जणींचा आणि दुसऱ्या गटात ३१ जणींचा.

घट किती झाली हे रक्ततपासणीत कळतं. दिवस राहण्याआधी, फिट आटोक्यात असतानाची एक पातळी काढून ठेवली तर तो तुमचा स्वतःचा आकडा झाला. पुढे दर महिन्याला किंवा डॉक्टर म्हणतील तेव्हा त्याच्याशी ताडून बघायचं. रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं, आणि दर वेळी तसंच. लहान गावात लॅमोट्रिजिनची पातळी मोजत नाहीत, नमुना मोठ्या शहरात पाठवतात. खर्चही होतो. जमत नसेल तर डॉक्टर अंदाजाने टप्प्याटप्प्याने डोस वाढवतात. ती वाट चुकीची नाही, फक्त फिटची वही तेव्हा चोख ठेवावी लागते.

उलट्या. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर पुन्हा घ्यायची का, आणि किती मिनिटांत झाली तर, हे तुमच्या औषधापुरतं आधीच विचारून फ्रिजवर चिकटवून ठेवा. रात्री अकरा वाजता हा प्रश्न पडला तर विचारणार कुणाला? सकाळी मळमळ जास्त असेल तर गोळीची वेळ थोडी सरकवता येते का, तेही विचारा. उलटीचं औषध डॉक्टर देतात, ते घ्या. पोटात काहीच ठरत नसेल तर घरी थांबू नका. अशा वेळी सुईवाटे फिटचं औषध देता येतं. गोळी घ्यायची विसरलात तर आठवल्याबरोबर घ्या, पण पुढच्या गोळीची वेळ अगदी जवळ आली असेल तर डॉक्टरांना विचारा. दोन्ही एकदम घेऊ नका.

उपास. हरतालिकेचा निर्जळी उपास आणि फिटची गोळी एकत्र जमत नाहीत. गोळीबरोबर घोटभर पाणी पोटात गेल्याने व्रत मोडतं असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मी वाद घालत नाही. त्या वर्षी मी पूजा केली, कथा ऐकली आणि जेवले. रिकामं पोट, कमी पाणी आणि जागरण या तिन्ही गोष्टी फिटला बोलावतात, आणि हरतालिकेला तिन्ही एका रात्रीत येतात.

सर्दीसाठी कापूर आणि नीलगिरीच्या तेलाचा मारा टाळा. या तेलांनी फिट येऊ शकते हे वैद्यकात नोंदलेलं आहे. फेनिटॉइन घेणाऱ्यांनी पित्ताचं पातळ औषध गोळीसोबत घेऊ नये, दोन्हींत अंतर ठेवावं. गावाकडून आलेला काढा असो की चूर्ण, आधी डॉक्टरांना दाखवा.

सोनोग्राफीचे टप्पे नेहमीचेच: ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान पहिली आणि १८ ते २२ आठवड्यांत व्यंग शोधणारी सविस्तर. दुसरी चुकवू नका आणि ती करणाऱ्यांना औषधाचं नाव सांगा, म्हणजे पाठीचा कणा, ओठ-टाळू आणि हृदय ते अधिक बारकाईने बघतात. गरज वाटली तर बाळाच्या हृदयाची वेगळी सोनोग्राफीही सांगतात.

पाचवी पायरी: माहेरी जाताना

सातव्या महिन्यात ओटी भरून माहेरी जायचं म्हणजे डॉक्टर बदलणार, मेडिकलचं दुकान बदलणार आणि गोळीची आठवण करणारं माणूसही बदलणार. माझ्या फायलीत सगळ्यात वर गरोदरपणाआधीची चिठ्ठी होती. मधल्या काळात डोस तीनदा वाढला होता, तो मेंदूविकारतज्ज्ञांनी फोनवर सांगितला आणि मी लक्षात ठेवला होता. माहेरच्या डॉक्टरांनी साहजिकच चिठ्ठीवरचा डोस उतरवून घेतला. तो कागद आईच्या हातात, आणि आई कागदाला प्रमाण मानणारी. दोन दिवस मी निम्मी गोळी घेत होते.

म्हणून निघण्याआधी एक पान तयार करा. त्यावर औषधाचं खरं नाव, सकाळी किती मिलिग्रॅम आणि रात्री किती, डोस शेवटचा कधी बदलला, शेवटची फिट कधी आली, तुमची फिट दिसते कशी आणि सहसा किती वेळ चालते, कुठलं औषध चालत नाही आणि मेंदूविकारतज्ज्ञांचा नंबर. तारीख घाला. फोटो काढून नवऱ्याच्या, आईच्या आणि भावाच्या फोनमध्ये ठेवा. डोस बदलला की पान नवीन लिहा आणि जुनं फाडून टाका. ते नुसतं बाजूला ठेवलं तर नको त्या वेळी हाती लागतं.

गोळ्या दोन महिने पुरतील इतक्या घ्या, त्याच कंपनीच्या. पट्टीवर नावापुढे 'सीआर', 'एसआर' किंवा 'क्रोनो' असं काही असेल तर तेही जुळायला हवं. औषध हळूहळू सोडणारी गोळी आणि साधी गोळी एक नव्हे, आणि हळू सोडणारी गोळी चावून किंवा कुटून घेत नाहीत. दुकानदार 'तेच आहे ताई, कंपनी वेगळी' म्हणाला तर बरेचदा तो खरंच बोलत असतो. पण या काळात डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

पोचल्यावर आठवडाभरात तिथल्या दवाखान्यात जाऊन या. बाळंतपण घरी किंवा लहानशा उपकेंद्रात नको. स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि रक्ताची सोय जिथे आहे तिथेच नाव घाला. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण, औषधं आणि नेण्या-आणण्याची गाडी फुकट असते.

माहेरच्यांना फिट आल्यावर काय करायचं ते पुन्हा शिकवा, अगदी त्यांनी तुमच्या शंभर फिट पाहिलेल्या असल्या तरी. डाव्या कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवायचं, गळ्याशी घट्ट असेल ते सैल करायचं आणि घड्याळ बघायचं. चप्पल हुंगवायची नाही, कांदा नाही, किल्ल्यांचा जुडगा नाही, दातांत चमचा नाही, पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणीही नाही. फिट पाच मिनिटांहून लांबली, लागोपाठ दुसरी आली, पोटावर पडलात, पाणी गेलं किंवा रक्त गेलं तर १०८ ला फोन. डॉक्टरांनी मिडाझोलमचा नाकात मारायचा फवारा लिहून दिला असेल तर तो कुठे ठेवला आहे हे घरातल्या दोघांना तरी माहीत हवं.

एक गोष्ट घरच्यांच्या मनावर ठसवा. पाचवा महिना संपल्यावर आलेली फिट 'तिची नेहमीचीच' म्हणून सोडायची नाही. गरोदरपणात रक्तदाब वाढूनही झटके येतात, त्याला एक्लॅम्पसिया म्हणतात, आणि त्याचं औषध वेगळं असतं, मॅग्नेशियम सल्फेट. डोकं सणकून दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, बरगड्यांखाली दुखणं यातलं काही असेल तर लगेच दवाखाना. तिथे रक्तदाब आणि लघवी तपासली की उलगडा होतो.

सहावी पायरी: बाळंतपणाचा दिवस

फिट आहे म्हणून सिझेरियन, असा नियम नाही. बहुतेक जणी नैसर्गिकरीत्या बाळंत होतात. कळा चालू असताना किंवा त्यानंतरच्या २४ तासांत फिट येण्याची शक्यता आहे, पण ती शंभरात दोन-चार जणींनाच येते. येण्यामागची कारणंही बहुधा साधी असतात: रात्रभर डोळ्याला डोळा नाही आणि गोळी राहून गेली. बॅगेत बाळाच्या दुपट्यांआधी स्वतःच्या गोळ्या टाका. 'उपाशी ठेवलंय' म्हणून गोळी थांबवली तर विचारा: घोटभर पाण्याबरोबर घेऊ का, की सुईतून देणार? दोन्हींपैकी एक व्हायलाच हवं. पाठीत सुई देऊन वेदना कमी करण्याची सोय असेल तर ती चालते, आणि वेदना कमी झाल्या की थोडी विश्रांतीही मिळते. ट्रॅमाडॉल आणि पेथिडिन ही वेदनाशामकं मात्र फिटला वाट करून देतात. सिझेरियननंतर ट्रॅमाडॉल सर्रास दिलं जातं, म्हणून त्या पानावर 'ही दोन नकोत' हे आधीच लिहून डॉक्टरांना दाखवून ठेवा. बाळाला जन्मल्यावर व्हिटॅमिन के चं इंजेक्शन देतात, साधारण १ मिलिग्रॅम. ते दिलं का, एवढं विचारा.

सातवी पायरी: वाढवलेला डोस उतरवणं

बाळंत झाल्यावर शरीर औषध पुन्हा पूर्वीच्या संथ गतीने बाहेर टाकू लागतं, आणि लॅमोट्रिजिनच्या बाबतीत हा बदल काही दिवसांत होतो. डोस मात्र नवव्या महिन्याचाच चालू असतो. परिणामी औषध साचतं. मला सहाव्या दिवशी पाळणा दोन दिसायला लागला. चक्कर, तोल जाणं, मळमळ. घरात सगळ्यांचं एकमत झालं की हा बाळंतपणाचा अशक्तपणा, आणि डिंकाच्या लाडवांची संख्या वाढली. फोन केल्यावर दोन मिनिटांत उलगडा झाला. डोस कधी आणि किती टप्प्यांनी उतरवायचा हे वेळापत्रक आठव्या महिन्यातच लिहून घ्या. साधारणपणे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ते उतरवणं होतं. पण आकडे प्रत्येकीचे वेगळे, माझे तुम्हाला चालणार नाहीत.

आठवी पायरी: अंगावरचं दूध

पाजा. पहिल्या तासातला चीकसुद्धा पाजा. 'गोळीचं दूध' म्हणून बाळाला वरचं लावणाऱ्यांना हे सांगा: नऊ महिने वारेतून बाळाकडे जे औषध जात होतं त्या मानाने दुधातून जाणारं बहुतेक औषधांचं प्रमाण कमी असतं. फिटची औषधं घेणाऱ्या ज्या आयांनी अंगावर पाजलं त्यांची मुलं सहाव्या वर्षी बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडलेली दिसली नाहीत. गोळी आणि पाजणं यांचं घड्याळ जुळवत बसण्याचीही सहसा गरज नसते.

लक्ष मात्र ठेवायचं. फेनोबार्बिटोन आणि क्लोबाझमसारख्या औषधांनी बाळ सुस्तावू शकतं. पाजायच्या वेळी उठवूनही उठत नाही, ओढ कमी झाली आहे, वजन चढत नाही, असं दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. लॅमोट्रिजिन दुधात बऱ्यापैकी उतरतं, त्यामुळे अंगावर पुरळ आलं किंवा बाळ फार मलूल वाटलं तरी दाखवा. बाळ तारखेच्या आधीच जन्मलेलं असेल किंवा तुमची दोन-तीन औषधं चालू असतील तर ही नजर अधिक कडक हवी. फेनोबार्बिटोन घेत असाल तर अंगावरचं एकदम तोडू नका. बाळाला मिळणारं औषध अचानक थांबतं आणि ते किरकिरं, थरथरतं होऊ शकतं. हळूहळू सोडवा.

नववी पायरी: रात्र, न्हाणी आणि शेगडी

औषधाचं सगळं जमलं तरी झोप मोडली की फिट येते. रात्रीचं सलग चार-पाच तास झोपायला मिळणं हा औषधाचाच एक डोस समजा आणि तसं घरात सांगा. झोपण्याआधी दूध काढून ठेवलं तर मधलं एक पाजणं आई किंवा नवरा वाटी-चमच्याने करू शकतात. काढलेलं दूध बाहेर साधारण चार तास टिकतं, पण आपल्या उन्हाळ्यात ते सरळ फ्रिजमध्येच ठेवा. रात्रीच्या गोळीला मोबाइलचा गजर लावा, कारण बाळाच्या रडण्यात आठवण बुडते.

पाजताना खाली गादीवर बसा, पाठीशी भिंत आणि बाजूला लोड. दुपटं बदलायचं ते चटईवर, पलंगाच्या कडेला नाही. बाळाला घेऊन एकटीने जिना उतरू नका. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालणं एकटीने अजिबात करू नका, न्हाऊ घालणारी बाई किंवा आई करते ते करू द्या. स्वतःच्या न्हाणीला कडी लावू नका. पाटावर बसून तांब्याने पाणी घ्या, आणि कढत पाण्याची बादली हाताच्या अंतरापलीकडे ठेवा. बाळाची जागा तुमच्या शेजारी, पण वेगळ्या सपाट अंथरुणावर.

आणि शेक-शेगडी. बाजेखाली निखारे ठेवून बाळंतिणीला शेक द्यायची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे. फिट येणाऱ्या बाईजवळ उघडे निखारे नकोत, धुरीही नको. माझ्या आजीला हे पटायला दोन दिवस लागले. शेवटी गरम पाण्याच्या पिशवीवर तडजोड झाली. पिशवीचं बूच मात्र ती रोज स्वतः तपासायची.

बाळंतपणानंतर मन उतरणं अपस्मार असलेल्या बायकांमध्ये जास्त दिसतं. लेव्हेटिरासेटॅमने काहींना चिडचिड आणि उदासी येते. दोन आठवड्यांहून जास्त रडू येत राहिलं, बाळाकडे बघावंसंच वाटेना, किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार आले तर ते घरात बोला आणि डॉक्टरांनाही सांगा. तो विचार मनात आला तर त्याच दिवशी सांगा. त्यावर उपचार आहेत आणि अंगावर पाजत असताना घेता येतील अशी औषधंही आहेत. घरात कुणाशी बोलणं जमत नसेल तर पुण्यातल्या संवेदना फाउंडेशनसारखे अपस्माराचे स्वमदत गट आहेत, तिथे याच वाटेने गेलेल्या बायका भेटतात.

दीड महिन्याच्या लसीला बाळाला न्याल त्याच दिवसाची मेंदूविकारतज्ज्ञांची वेळ घ्या. सोबत फिटची वही, ते एक पान आणि गोळ्यांची चालू पट्टी न्या. पुढे गर्भनिरोधाचं साधन कुठलं, तेही तिथेच विचारा. कॉपर-टी किंवा अंतरा इंजेक्शन अनेकींना चालतं. बाळ रांगायला लागण्याआधी गोळ्यांचा डबा खालच्या फडताळातून वर हलवा.